निळ्या काठाची बशी

१४ जानेवारी

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. परवा तू फोन केला होतास म्हणे. शेजारीण सांगत आली, "तुमची घंटा वाजून वाजून दमली." माझ्या डाव्या कानाने राजीनामा दिलाय आणि उजवा दीर्घ रजेवर आहे. डॉक्टरांनी यंत्र दिलं, ते लावलं की मला माझंच चावणं ऐकू येतं, समोरचा मात्र मुकाच. म्हणून यंत्र डबीत आणि डबी कपाटात. यापुढे आपली पत्रंच बरी. टपाल खात्यात तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं निवडत बसले, आता चार माझ्या नावाची येऊ देत.

सलून कसं चाललंय? आणि मंगळवारचं हॉस्पिटल? मी इथे सगळ्यांना सांगते, आमचा धाकटा आठवड्याच्या सुट्टीला पाय पसरून झोपत नाही, पेटी उचलून हॉस्पिटलात जातो आणि बावीस खाटांवरच्या माणसांच्या दाढ्या फुकट करतो. एकतीस वर्षं! लोकांना वाटतं म्हातारी फेकतेय.

बरं, तुमच्याकडे टपाल वेळेवर येतं ना? म्हणजे मोठी पाकिटं वगैरे? सहज विचारते. खात्यातली सवय.

तुझी
ताई

२१ जानेवारी

ती. ताईस नमस्कार.

पत्र मिळालं. टपाल वेळेवर येतं. विजेचं बिल आलं आणि तुझं पत्र आलं. मोठी पाकिटं आम्हाला कोण पाठवणार?

खरं सांगायचं तर पंधरा दिवस झाले, माझं मन थाऱ्यावर नाही. सात तारखेच्या मंगळवारी मी वॉर्डात होतो. अकराव्या खाटेवर एक मोठे सरकारी साहेब होते, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले. त्यांना चाळीस वर्षांची मिशी. मिशी कसली, दोन्ही गालांवर टेकलेली कमानच. मी दाढी उरकली तशी ते म्हणाले, "ही पण काढा." मी तीनदा विचारलं. ते तीनदा हो म्हणाले. काढली. आरशात बघून साहेब पोरासारखे हसले. आणि तेवढ्यात त्यांच्या पत्नी डबा घेऊन आत आल्या.

ताई, त्या बाईंनी आधी डबा खाली ठेवला आणि मग वॉर्ड डोक्यावर घेतला. "कोणाच्या परवानगीने इथे वस्तरे घेऊन फिरता? मी वरपर्यंत तक्रार नेते!" मोठ्या सिस्टर मध्ये पडल्या, साहेब स्वतः मध्ये पडले, पण बाईंचं आपलं चालूच. त्यांचंही खरंच आहे, माझ्याकडे कागदावर परवानगी कुठली? आपले अण्णा तिथे होते तेव्हाच्या सिस्टर "ये रे" म्हणाल्या होत्या, तेव्हापासून येतोय.

आणि त्यानंतर दोनच दिवसांनी... असो. तू काळजी करू नकोस. ही मजेत आहे, तुला नमस्कार सांगते.

तुझा
धाकटा

२७ जानेवारी

प्रिय धाकट्या,

मिशीचं वाचून इतकी हसले की शेजारीण धावत आली. तिला वाटलं मला काही झालं.

पण आता कामाचं बोलू. तू माझ्याशी खोटं बोललास. तुमच्या पोस्टातला जो मुख्य कारकून आहे ना, तो माझ्या हाताखाली पत्रं निवडायला शिकलाय. त्याने कळवलं की नऊ तारखेला एक जाडजूड रजिस्टर पाकीट तुझ्या सहीने तुझ्या हातात पडलं. पाठीमागे लाखेचा सरकारी शिक्का होता. आणि तू मला विजेचं बिल सांगतोस!

नको असेल तर नको म्हण. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, कोणी कौतुक करायला आलं की तू मागच्या दाराने पळणार. लहानपणी बक्षीस घ्यायला स्टेजवर जायचं म्हणून पोट दुखायचं तुझं. पण बहिणीला निदान सांगायचं तरी! दहा फेब्रुवारीच्या आत उत्तर नाही गेलं तर ते दुसऱ्याचं नाव घेतील. मग बस आरशात बघत.

रागावलेली
ताई

२ फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार.

तुझं पत्र मी खुर्चीत बसून तीन वेळा वाचलं. एक गिऱ्हाईक गालाला फेस लावून तसंच थांबलं होतं.

कौतुक? ताई, मी ते पाकीट उघडलंच नव्हतं! चोराच्या मनात चांदणं. सरकारी शिक्का बघितला आणि म्हटलं, आली मिशी अंगावर. सही केली आणि कात्र्यांच्या खणात, तळाच्या कागदाखाली सरकवून दिलं. त्यानंतर खण पुरता उघडलाच नाही. चोवीस दिवस मी वरच्या दोनच कात्र्यांवर काम केलं. तुझं पत्र आलं तेव्हा हिला सगळं सांगितलं. हिने खण उपसला, पाकीट काढलं आणि भाजी चिरायच्या सुरीने टरकन फाडलं. मी डोळे मिटून घेतले होते. डोळे उघडले तर ही खाली बसून रडत होती. मला वाटलं, झालं, आता तुरुंग.

राष्ट्रीय लोकसेवा सन्मान. राष्ट्रपतींच्या हस्ते. अठरा मार्च, राजधानीत.

ही इतकी हसली आणि रडली की मला धड काहीच सुचेना. मग आम्ही दोघांनी मिळून ते मानपत्र वाचलं, जे तिथे सर्वांसमोर वाचून दाखवणार आहेत. त्यात लिहिलंय, "वडील रुग्णालयात असताना त्यांनी स्वतः वडिलांची दाढी केली. भांडं नव्हतं म्हणून चहाच्या निळ्या काठाच्या बशीत फेस केला. शेजारच्या खाटेवरील रुग्णाने विनंती करताच त्याचीही केली, आणि त्या दिवसापासून ही सेवा सुरू झाली."

निळ्या काठाची बशी. ताई, ही गोष्ट जगात दोघांनाच माहीत आहे. अर्ज कोणी केला ते मला तिथेच कळलं. टपाल वेळेवर येतं का म्हणे!

पण ताई, हे खोटं आहे. ती दाढी तू केलीस. तू! नोकरीतून रजा काढून तू आलीस आणि तीन आठवडे अण्णांच्या उशाशी बसलीस. पहिल्या दिवशी सात खाटा तू केल्यास. मी कुठे होतो? दुकानात. "दुकान कोण बघणार" म्हणत होतो. दुकान कसलं, मी घाबरलो होतो. अख्ख्या गल्लीच्या दाढ्या करणारा माणूस पांढरे खुंट वाढवून पडलाय, हे मला बघवणार नव्हतं. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाची दाढी मी तीनदा केली, हातांना काहीतरी हवं म्हणून. तुझी रजा संपली, तू गेलीस, तेव्हा कुठे मी गेलो. आणि तीच बशी उचलली.

ही लाज एकतीस वर्षं माझ्या पोटात आहे. आता तिच्यावरच पदक लावून घेऊ? शिवाय अठरा मार्चला मंगळवार येतो. मी नकार लिहून ठेवलाय, या आठवड्यात टाकतो.

तुझा
धाकटा

६ फेब्रुवारी

धाकट्या,

हे पत्र मी स्वतः पोस्टात जाऊन जलद टपालाने टाकतेय. पोचायच्या आत तू नकार टाकला असशील तर तुमच्या कारकुनाला मी निरोप पाठवलाय, तुझ्या हातचं सरकारी पाकीट दिसलं तर दोन दिवस टेबलावरच राहू दे. नियमात बसत नाही. तीस वर्षांत एकही नियम मोडला नाही, आता भावासाठी एक मोडला.

मी खोटं लिहिलं, कबूल. का लिहिलं ते ऐक. तीन आठवडे कोणीही चांगलं वागू शकतं. मी तीन आठवडे केलं आणि बदलीच्या गावी निघून गेले. तिथून दर महिन्याला पत्र टाकत होते, "अण्णांची तब्येत कशी आहे?" आणि तू अण्णा गेल्यावरही जात राहिलास. सात खाटांच्या बावीस केल्यास. तुझ्या लग्नाच्या आठवड्यातसुद्धा मंगळवार चुकला नाही, नवरी बिचारी वॉर्डाच्या दारात बाकावर बसून होती. अर्जात एकाच नावाला जागा होती. मी विचार केला, सुरुवात माझी आणि चालवणं तुझं असं लिहिलं तर उगीच ते माझ्याकडे बघतील. म्हणून माझा तो दिवस तुला देऊन टाकला. बहिणीने भावाला दिलं, त्यात सरकारचं काय गेलं?

आणि एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी मी चिडून अण्णांना म्हटलं होतं, "तुमचा लाडका मुलगा आलाच नाही." अण्णा म्हणाले, "घाबरलाय तो. घाबरू दे. आला की काही विचारू नकोस." मग गालावरून हात फिरवून म्हणाले, "तुझा हात चांगला आहे गं. त्यालाही असाच शिकवलाय मी. तो आला की इथली सगळी माणसं सुटतील." त्यांना माहीत होतं, धाकट्या. तुझ्या आधी माहीत होतं. ती लाज तू उगीचच सांभाळत बसलास, ज्यांच्यापुढे वाटत होती त्या अण्णांनी ती कधीच मागितली नाही.

तेव्हा नकार फाड. तुला ते वाक्य टोचत असेल तर दुरुस्ती लिही. खरं तेच वाचू देत, माझं काही म्हणणं नाही.

आणि मंगळवारचं कारण मला सांगू नकोस. अठरा मार्चचा मंगळवार मी करीन. हसू नकोस.

ताई

१६ फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार.

अण्णांचं वाचलं. दुकानाचं दार लावून घेतलं होतं, बाहेर दोन गिऱ्हाइकं उभी होती, राहू दिली. ताई, मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. काय लिहू? लिहिता येत नाही. तू समजून घे.

नकार फाडला. तुझ्या त्या कारकुनाने तो खरंच टेबलावर ठेवला होता आणि स्वतः आणून माझ्या हातात दिला, वर दाढी करून गेला. मग मी होकार आणि सोबत दुरुस्ती लिहिली, चार पानं. वाटलं होतं सरकारी काम, वर्षभर पडेल. आठव्या दिवशी तिथल्या एका बाईंचा फोन. म्हणाल्या, "साहेब, आम्ही इथे बावीस वर्षं सन्मानाची पत्रं पाठवतो. माझ्याबद्दल कमी लिहा, असं सांगणारे तुम्ही पहिलेच." मानपत्र बदलतील म्हणाल्या.

आणि ऐक, एका माणसाला बरोबर नेता येतं. ही म्हणते, ताईंनाच न्या, मी तिथे रडून तुमचं हसं करीन. तेव्हा तू माझ्या शेजारी बसायचंस, पहिल्या रांगेत. मंगळवार एक चुकला तर चुकला. मी वॉर्डात सांगून ठेवलंय. खिडकीजवळच्या मास्तरांनी मात्र तोंड फिरवलं. आठ महिने पडून आहेत, त्यांना मंगळवार तेवढा कळतो.

तुझा
धाकटा

२४ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

पहिली रांग तुझ्या बायकोला दे. तिने दारातल्या बाकावर बसून जे मंगळवार काढले त्यांची ती खुर्ची आहे. रडली तर रडू दे, तिथे रुमाल देत असतील.

मास्तरांना सांग, अठराला बाई येतेय. अण्णांनी परसात आपल्याला कसं शिकवलं होतं आठवतं? फुगा फुगवायचा, त्याला फेस लावायचा आणि फुगा न फोडता फेस काढायचा. माझा सातव्या दिवशी साधला होता, तुला महिना लागला होता. हे मी मानपत्रात घातलं नाही, उपकार मान.

तर मी कोपऱ्यावरच्या दुकानातून फुग्यांचं मोठं पाकीट आणलंय. पहिल्या दिवशी अकरा फोडले. भिंतींवर फेस, चष्म्यावर फेस. ऐकू येत नाही हा मोठाच फायदा, मी दचकत नाही. शेजारीण मात्र दचकते. तिने परवा हात जोडून विचारलं, "ताई, तुम्ही नक्की काय करताय?" काल बारापैकी नऊ वाचले. आज वीसपैकी वीस, आणि शेवटचा लाल फुगा मी उलट्या हाताने केला. शेजारणीच्या नवऱ्याने दाढीसाठी स्वतःहून गाल पुढे केला. बिचारा जिवंत आहे.

सोळाला येते. नवी ब्लेडं भरपूर आणून ठेव, दर माणसाला नवं लागतं हे मला ठाऊक आहे. बशी आहे ना अजून?

तुझी
ताई

१८ मार्च, मंगळवार
वॉर्डाच्या व्हरांड्यातून

प्रिय धाकट्या,

तू परवा परत येशील तेव्हा मी नसेन. कानाच्या डॉक्टरांनी तीन महिने थांबवून उद्याची वेळ दिलीय, तिकीट काढून ठेवलंय. म्हणून हे पत्र तुझ्या कात्र्यांच्या खणात ठेवून जाते. हे तरी लगेच उघड.

सकाळी पेटी घेऊन शिरले तेव्हा बावीस माणसं माझ्याकडे बघत होती. पहिल्या खाटेवरच्या बस ड्रायव्हरने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "आधी कोण?" खिडकीजवळून एक हात वर झाला. मास्तर. म्हणाले, "मला आता कसली भीती?"

ऐकू काही येत नव्हतं, सगळं मी ओठांकडे बघून ओळखत होते. बशीत फेस केला. तो मास्तरांच्या गालांना लावला. गालाला ब्लेड लागलं आणि एकतीस वर्षं कुठे गेली कळलं नाही. मास्तरांनी आरसा बराच वेळ धरला. मग मला ऐकू यावं म्हणून मोठ्याने ओरडले, अख्ख्या वॉर्डाला ऐकू गेलं, "बाई, तुमचा हात अगदी त्यांच्यासारखा आहे!"

मी म्हटलं, "चुकलात मास्तर. त्याचा हात माझ्यासारखा आहे."

वॉर्ड हसला. त्यानंतर ड्रायव्हरने पांघरूण सोडलं आणि रांगच लागली. बावीसच्या बावीस झाल्या. एक वाजता सिस्टरांनी कोपऱ्यातला टीव्ही लावला. तू दिसलास. मी कापलेले तुझे मागचे केस कॅमेऱ्याला छान दिसत होते, दोन आरशांत बघून स्वतः कापतोस तसे उंदराने कुरतडल्यासारखे नव्हते. तुझी बायको पहिल्या रांगेत रडत होती. काय वाचलं ते मला ऐकू आलं नाही, पण तेवढ्यात सगळा वॉर्ड टीव्ही सोडून माझ्याकडे वळला आणि टाळ्या वाजवायला लागला. ज्यांच्या एका हाताला सुई होती ते दुसऱ्या हाताने मांडीवर वाजवत होते. मास्तरांनी वहीच्या पानावर लिहून दाखवलं, "तुमचं नाव घेतलं."

मी आत जाऊन बशी धुतली. तेवढ्यात डोळे पुसून झाले.

तुझी
ताई

२७ मार्च

ती. ताईस नमस्कार.

खण लगेच उघडला.

राष्ट्रपतींचा हात हातात घेतला तेव्हा माझं लक्ष त्यांच्या कल्ल्यांकडे होतं. डावा उजव्यापेक्षा थोडा खाली आहे. बोललो नाही, हिने आधीच दटावलं होतं. मानपत्रातलं नवं वाक्य असं होतं, "ही सेवा त्यांच्या थोरल्या बहिणीने सुरू केली आणि त्यांनी ती चालवली." मान खाली घालून ऐकत होतो, पण या वेळी लाजेने नाही.

मिशीवाले साहेब काल दुकानात आले. अजून साफ. बाई म्हणतात म्हणे, वीस वर्षांनी लहान दिसता. तक्रार त्यांनी केलीच नव्हती.

सोबत एक पार्सल आहे. सरकारने पदक इवलंसं दिलंय आणि पेटी एवढी मोठी, मखमलीची, की पदक आत हरवतं. पदक मी आरशाशेजारच्या खिळ्याला टांगलं. पेटी रिकामी पडली होती, त्यात एक वस्तू बरोब्बर बसली. मास्तर आता घरी गेलेत, त्यांनी जाताना मला नवं भांडं भेट दिलंय, तेव्हा माझं अडणार नाही.

ताई, तुझ्या गावातही हॉस्पिटल असेलच.

तुझा
धाकटा

८ एप्रिल, मंगळवार
(पोस्टकार्ड)

प्रिय धाकट्या,

बशी पोचली, टवका उडाला नाही. बांधणी उत्तम, टपाल खात्यात घेतलं असतं तुला.

या वेळी आधी परवानगी घेतली, लेखी. आज नऊ खाटा झाल्या. शेवटचे आजोबा कित्येक आठवडे कोणाशी बोलले नव्हते म्हणे. आरसा धरला तर गालावरून हात फिरवून बघत राहिले आणि मग मला काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं नाही, म्हणून सिस्टरला विचारलं. ते म्हणाले होते, "पुढच्या मंगळवारी लवकर या."

एकही फुगा फुटला नाही.

ताई